कडी

नववीच्या पुस्तकात ते एका ओळीत मेलं होतं.
'इ.स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले.'
रिकाम्या जागा भरा. एक गुण.

जहागीरदार सरांना ती ओळ सोसवली नाही.
म्हणाले, हजार-अकराशे वर्षं जगलेला माणूस,
आणि तुम्ही नुसते त्याच्या मातीला आलात?
चपला घाला. किल्ल्यात चला.

माघ सरत आलेला, तरी परंड्याच्या बुरुजावर
तोफ तव्यासारखी. तिच्याच सावलीत आम्हाला बसवलं
आणि खडूनं तटाच्या दगडावर एक समुद्र काढला.
समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता.
सीना दुथडी पाहिली होती, तीही एकदाच.

एका बादशहाला म्हणे जुनं रोम नकोसं झालं.
त्यानं दोन पाण्यांच्या चिंचोळ्या वाटेवर नवं मांडलं.
येशूचं नाव, रोमचा कायदा, ग्रीकांची बोली
एकाच चुलीवर शिजली.
मग घुमट. खाली उभं राहिलं
की वाटावं, आभाळालाच साखळीनं टांगलाय.
दोन साधूंनी पोकळ काठीतून चीनचे रेशीमकिडे पळवून आणले.
साळ्यांच्या नीलावतीनं विचारलं,
वाटेत त्यांना पाला कुणी घातला?
सर हसले. हे कुठल्या पुस्तकात नाही, लिहून ठेव.

एकानं चौदा हजार कैद्यांचे डोळे काढले,
शंभरात एकाला एक डोळा ठेवला,
बाकीच्यांना हाताला धरून घरी न्यायला.
हेही लिहा. घुमट लिहिला ना? मग हेही.

पुढं त्यांच्याच देवाची माणसं जहाजांतून आली,
थडग्यांतलं सोनंसुद्धा उकरून नेलं.
त्यानंतर राज्याभिषेकाला मुकुटात काचेचे खडे,
पंगतीला मातीची ताटं.
इथं सर जरा थांबले.
त्यांच्या घरी हाली शिक्क्यांची एक थैली होती,
आम्हाला खेळायला मिळायची.
आडनाव जहागीरदार,
आणि पगार तीन महिने थकलेला.

तोफ ओतणारा कारागीर आधी बादशहाकडंच आला होता.
पगार मागत होता, दुसरं काही नाही.
तिजोरीत नव्हता.
मग तो सुलतानाकडं गेला.

लिंबराज मधेच म्हणाला,
सर, तुम्ही मुसलमान, तुम्हाला का वाईट वाटतंय?
खडू हातातल्या हातात फिरला.
'मी हजेरी घेतो, बेटा.
जो आला नाही त्याचंही नाव वाचावं लागतं.'

तिहेरी तट, पुढं खंदक, आपल्यासारखाच.
आणि कोपऱ्यात एक लहान दिंडी.
रात्री कुणीतरी आत आलं, कडी घालायची राहिली.
खरं की खोटं, ठाऊक नाही.
देवगिरीला पोती उसवली तर धान्याऐवजी मीठ निघालं म्हणतात,
ते तरी खरं कशावरून?
हरलेल्यांना एक बारकी चूक लागते,
मांडीवर घेऊन बसायला.

शेवटच्या बादशहानं अंगावरची राजचिन्हं ओरबाडून टाकली
आणि मारामारीत शिरला. मग सापडलाच नाही.
दुपारची घंटा झाली होती. डबे शाळेत राहिले होते.

सर जाऊन बारा वर्षं झाली.
मी त्याच किल्ल्यावर रोजंदारीवर पहारेकरी.
सहाला शिट्टी मारतो. वटवाघळं सुटतात,
सेल्फीवाली पोरं पँट झटकत निघतात.
दिंडीला कडी घालतो, कुलूप ओढून बघतो,
सायकलवर चहाच्या गाड्यापर्यंत येतो,
चहा सांगतो
आणि परत फिरतो.

मुनाफ कपावर बशी झाकून ठेवतो.
विचारत नाही.